मॅकार्थीवाद म्हणजे काय?

राजकारणातील शब्द फार वापरले की झिजतात. ‘मॅकार्थीवाद’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. विरोधकाने कठोर टीका केली की तिला हे नाव देऊन मोकळे होण्याची रीत पडली आहे. म्हणून या शब्दाचा मूळ अर्थ पाहणे अगत्याचे ठरते.

९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात २०५ कम्युनिस्ट असल्याचा आरोप केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. थोड्याच दिवसांत हा आकडा ५७ झाला आणि सिनेटमध्ये ८१. आकडे बदलत राहिले. पुरावा मात्र पुढे आला नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉक यांच्या चित्रातून हा शब्द रूढ झाला.

त्या काळी हेरगिरी नव्हतीच, असे म्हणता येणार नाही. शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स याने सोव्हिएत युनियनला अणुगुपिते दिल्याची कबुली १९५० मध्येच दिली. परंतु तो सापडला तपासामुळे, सभेतील आरोळीमुळे नव्हे. मॅकार्थीवादाचे मर्म या भेदात आहे. तेथे आरोप करणाऱ्यावर पुराव्याचे बंधन नसते. निष्ठा सिद्ध करण्याचा भार आरोपितावर पडतो. त्याचे मौन कबुलीजबाब ठरते आणि जुनी मैत्री गुन्हा ठरते.

याची झळ सामान्य नोकरदारांनाही लागली. न्यूयॉर्क राज्याच्या १९४९ च्या फाइनबर्ग कायद्यानुसार विशिष्ट संघटनेचे सभासदत्व शिक्षकाच्या नोकरीवर गदा आणू शकत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो वैध मानला. १९६७ मध्ये त्याच न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. मधल्या पंधरा वर्षांत वर्गात काय बोलावे आणि काय टाळावे, याचा हिशेब किती शिक्षकांनी मनोमन केला असेल, याची नोंद कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही.

२ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांच्या वर्तनाचा निषेध केला. मात्र ती वृत्ती एका माणसापुरती नव्हती. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाने रॉबर्ट ओपेनहायमर यांची सुरक्षा-परवानगी काढून घेतली होती. तो निर्णय सरकारने रद्द केला २०२२ मध्ये; ओपेनहायमर १९६७ मध्येच निवर्तले होते.

आरोप क्षणात होतो. त्याचे निरसन होण्यास अडुसष्ट वर्षे लागू शकतात. म्हणूनच कोणाच्याही निष्ठेविषयी शंका घेतली जाते तेव्हा सुजाण समाजाने पहिला प्रश्न आरोपिताला नव्हे, तर आरोप करणाऱ्याला विचारला पाहिजे : पुरावा कोठे आहे?