जड शब्द, बंद तोंडे

शिबिरांत आपण 'सेन्सॉरशिप', 'सिडिशन', 'प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन' असे शब्द सहज वापरतो. वस्तीतल्या बाया माना डोलावतात आणि गप्प राहतात. माझ्या मते दडपशाहीला कळेल असे नाव न देणे तिच्याच पथ्यावर पडते.

'प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन' म्हणजे खटला न चालवता तुरुंग. आणीबाणीत मृणाल गोरे 'मिसा'खाली अशाच आत होत्या. 'स्थानबद्धता' म्हटले की तो तुरुंग सौम्य वाटू लागतो. 'सिडिशन' म्हणजे राजद्रोह. टिळकांना १८९७ आणि १९०८ साली शिक्षा झाली ती याच आरोपाखाली. आज सरकारवर टीका केली की 'देशद्रोह' म्हणतात. सरकार म्हणजे देश कधीपासून झाले? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'सिडिशन' हा शब्द नाही. पण देशाची एकता धोक्यात आणल्याबद्दल कलम १५२ आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शब्द गेला, धाक राहिला.

'सेल्फ-सेन्सॉरशिप' मात्र बायांना शिकवावी लागणार नाही. कोणी दटावण्याआधीच जीभ आवरायची, हे त्या सासरी शिकल्या आहेत. नोकरी जाईल, केस होईल या भीतीने वार्ताहर बातमी गाळतो, तेव्हा तोही तेच करत असतो.

इंग्रजी शब्द टाकून चालणार नाही. हायकोर्टाचा कारभार त्याच भाषेत चालतो. पण मैत्रिणींनो, असा प्रत्येक शब्द आला की तिथल्या तिथे विचारू या : तोंड कोणाचे बंद झाले? कोणी केले? कोणत्या कायद्याने?