दवाखान्याचाही पंचनामा

1 मेची ग्रामसभा जवळ आली. विषयपत्रिका नेहमीचीच असणार: घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामं, पाण्याची टाकी. यंदा प्रत्येक पाड्याने त्यात आणखी एक विषय लेखी घालायला लावावा, असं आमचं म्हणणं आहे. आपला दवाखाना कसा चालतो त्याचा हिशोब. उपकेंद्राचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि गावाच्या आरोग्य समितीच्या पैशाचा. पाऊस लागला की नद्या-ओहळ भरतात, अर्धे पाडे तुटतात, मग विचारायलाही कोणी सापडत नाही. विचारायचं ते उन्हाळ्यातच.

काही साथी म्हणतील, आपली लढाई जमिनीची, मध्येच दवाखाना कुठून आला? ज्याच्या घरात ऐन लावणीत दोन माणसं तापाने आडवी झाली, त्याला हे सांगावं लागणार नाही. लावणी गेली की वर्ष गेलं, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल घ्यावीच लागते. पण याहून मोठी गोष्ट अशी की दोन्हींचा कायदा एकच आहे. 24 डिसेंबर 1996 चा पेसा कायदा आपण गौण वनोपजासाठी, दारूबंदीसाठी, जमीन परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून वापरतो. त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये लिहिलंय की सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि त्यांचे कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पंचायतीला आणि ग्रामसभेला आहे. दवाखाना, शाळा, अंगणवाडी यात येतात. साहेब लोक हे कलम वाचताना 'पंचायत' शब्दापाशी थांबतात. पुढचा 'ग्रामसभा' शब्द आपल्यालाच वाचून दाखवावा लागतो.

आणि गाव म्हणजे काय, तेही त्याच कायद्यात आहे. जी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह आपला कारभार आपल्या चालीरीतीप्रमाणे चालवतो, ते गाव. महसूल खात्याचं गाव वेगळं. त्यांच्या एका गावात आपले आठ-दहा पाडे, एक डोंगराच्या या अंगाला, एक त्या अंगाला. आरोग्य समितीचा बिनबंधाचा निधी वर्षाला 10,000 रुपये येतो, तो महसुली गावामागे. दहा पाडे असतील तर पाड्याच्या वाट्याला हजार रुपये. तेही खर्च होतात ते ग्रामपंचायतीचं ऑफिस असलेल्या पाड्यात. लांबच्या पाड्यातल्या बायांना विचारा, आपल्या गावाला अशी समिती आहे हेच पुष्कळ जणींना माहीत नसतं. पासबुक कोणी पाहिलं, हा तर पुढचा प्रश्न. सही घेताना मात्र घरी येतात.

आपल्या भागात आरोग्याच्या योजना कमी आल्या असं कोणी म्हणू नये. 1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला लहान मुलं मेली तेव्हा मुंबईहून गाड्यांची रांग लागली. पुढे नवसंजीवन योजना आली. पावसाआधी दुर्गम गावात धान्य आणि औषधं पोचवायची, पाड्यापाड्यावर स्वयंसेवक नेमायचा, डॉक्टरांची भरारी पथकं फिरवायची, असं सगळं तिच्यात आहे. कागद चांगला आहे. पथक आपल्या पाड्यावर किती वेळा आलं, हे मात्र कागद लिहिणाराच तपासतो. आला-गेला त्यानेच लिहायचं, पाहिलं म्हणून सहीही त्यानेच करायची. मूल मेलं की चौकशी होते, तेव्हा वहीत सगळं बरोबर निघतं.

म्हणून तपासणारा दुसरा पाहिजे, आणि तो पाड्यातलाच पाहिजे. हे काही हवेतलं नाही. ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 च्या सुमारास लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख ठेवायची असं काम सुरू झालं. आपल्या राज्यात ठाणे, नंदुरबार, अमरावती, पुणे आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांपासून. गावात बसून प्रत्येक सेवेला रंग द्यायचा, चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग तो तक्ता घेऊन जनसुनवाईला जायचं आणि अधिकाऱ्यांसमोर बोलायचं. वाचता न येणारी म्हातारीही लाल रंग ओळखते. या पद्धतीचं आम्हाला सगळ्यात मोल वाटतं ते याचंच. यासाठी कोणा संस्थेची वाट बघायला नको. रंगीत खडू शाळेत मिळतात.

वनहक्काच्या दाव्यांनी आपल्याला एक गोष्ट चांगली शिकवली. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही. आपण प्लॉटवर उभं राहून शिवार मोजलं, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, पंचनाम्यावर सह्या-अंगठे घेतले, पोच घेतली. दवाखान्याचाही असाच पंचनामा करायचा. चार-पाच जण, त्यात निम्म्या तरी बाया, एक दिवस केंद्रात जा. कुलूप असेल तर कुलपाचा पंचनामा. उघडं असेल तर बघा, औषधाच्या साठ्याची वही आहे का. वहीत तापाच्या गोळ्या किती, कपाटात किती. सर्पदंशाचं इंजेक्शन केंद्रात आहे का, हे तर पावसाआधी बघितलंच पाहिजे. चिखलणीच्या वेळी चावलेला माणूस तालुक्याला नेईपर्यंत काय होतं ते सांगायला नको. वजनकाटा शून्यावर उभा राहतो का. रक्त तपासायला काच नेली, तर मलेरियाचा निकाल किती दिवसांनी आला. ताप जाऊन माणूस कामाला लागला, नाहीतर त्याचं दहावं झालं, आणि मग निकाल आला, तर त्या तपासणीचा उपयोग काय? वही दाखवत नाहीत असं झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 2005 च्या त्या कायद्यात दप्तर स्वतः पाहण्याचाही हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्याला फी लागत नाही.

बाळंतपणाबद्दल जास्त बारकाईने विचारा. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण फुकट आहे. सिझर झालं तरी फुकट. औषध, तपासणी, लागलं तर रक्त, घरून न्यायला गाडी, मोठ्या दवाखान्यात पाठवायला गाडी, परत घरी सोडायला गाडी. साध्या बाळंतपणाला 3 दिवस आणि सिझरला 7 दिवस जेवण. जन्मल्यापासून एक वर्षापर्यंतचं मूल आजारी पडलं तर त्याचाही उपचार असाच. आता प्रत्येक पाड्यात गेल्या वर्षी बाळंत झालेल्या बायांना विचारा. डिझेलचे पैसे कोणी मागितले? औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानावर लिहून दिली का? जेवण मिळालं की घरून भाकर न्यावी लागली? परत येताना बाळ छातीशी धरून जीपच्या टपाशेजारी कोण लटकली? नाव लिहायचं की नाही हे त्या बाईने ठरवावं. पाड्याचं नाव, महिना आणि रक्कम लिहिली तरी चालतं.

एक गोष्ट कोणत्या तक्त्यात बसत नाही, तीही लिहा. वागणूक. "आंघोळ करून यायला काय होतं?", "तुम्ही लोक शेवटच्या घटकेला आणता", "पोरं एवढी कशाला?" हे ऐकलेली बाई दुसऱ्या खेपेला सुईणीकडेच राहते, आणि मग आदिवासी अडाणी, दवाखान्यात येत नाहीत, असा अहवाल जातो. आमच्या मते औषध नसण्याइतकीच ही वाईट सेवा आहे. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असं कायद्यातच आहे. ती सभा बहुतेक ठिकाणी कागदावर होते. या वेळी ती खरी भरवा. या गोष्टी पुरुषांसमोर निघत नाहीत.

आता नर्सबाईबद्दल. देखरेख म्हटली की काही जण नर्सबाईवर ओरडायलाच जातात. ते आम्हाला मान्य नाही. आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र असा नियम आहे, पण 3,000 लोक एका जागी राहत नाहीत. डोंगर चढून-उतरून ती लस द्यायला येते, राहायच्या खोलीत पाणी गळतं, रात्री वीज नाही. औषध वरून आलं नाही तर ती कुठून देणार? तिलाही सभेला बोलवा, खुर्ची द्या, आणि सगळ्यांसमोर विचारा की बाई, तुम्ही वर काय मागितलं आणि काय आलं नाही. तिच्या मागणीपत्राची नक्कल आपल्या ठरावाला जोडा. आशाताईलाही विचारा, तिचा कामाचा मोबदला किती महिने थकलाय. जी बाई खरंच येत नाही, पैसे घेते, तिच्याबद्दल नाव घालून लिहा. पण डॉक्टरची जागा वर्षभर रिकामी असेल तर त्याचा जाब पाड्यावरच्या बाईला विचारून काय उपयोग?

तो कोणाला विचारायचा, यात आपली पुष्कळ पायपीट होते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली. अंगणवाडीचा आहार हे बालविकास प्रकल्पाचं काम. एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या टेबलावर दिलं की ते तिथेच मरतं.

काही ठिकाणी उपकेंद्र मंजूर आहे पण बांधलेलं नाही, कोणाच्या तरी ओटीवर चालतं. कारण विचारलं तर जागा जंगलखात्याची. हे कारण ऐकून परत येऊ नका. वनहक्क कायद्याचं कलम 3(2) दाखवा. दवाखाना, अंगणवाडी, शाळा, रस्ता, पिण्याचं पाणी अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पर्यंत झाडं जात असतील तरी. अट एकच मोठी, ग्रामसभेची शिफारस. म्हणजे जिथे फॉरेस्टवाला अडवतो तिथे सुरुवात आपल्या ठरावाने होते. जागा आपणच दाखवायची, सगळ्या पाड्यांना मधली पडेल आणि पावसात ओहळ आडवा येणार नाही अशी.

ठराव प्रोसिडिंगच्या वहीत सभेतच लिहून घ्या, नंतर लिहितो म्हणाले तर उठू नका. खाली हजर असलेल्यांच्या सह्या-अंगठे, मग नक्कल. एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, एक गटविकास अधिकाऱ्याला, एक आपल्या पाड्यात. दोन्ही ऑफिसातून शिक्का आणि तारखेची पोच घ्या, आणि पोचेची झेरॉक्स मे महिन्याच्या तालुका बैठकीला येताना सोबत आणा.