‘गांधी’पलीकडच्या रोहिणी हट्टंगडी



रोहिणी हट्टंगडी यांची ख्याती केवळ ‘गांधी’ (१९८२) चित्रपटामुळे आणि त्यासाठी मिळालेल्या बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या, पुरस्कारामुळे आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत एकांगी आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली घडलेल्या या अभिनेत्रीने त्या चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वीच ‘चांगुणा’ हे नाटक गाजवले होते आणि विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात समलिंगी नायिका साकारण्याचे धाडस दाखवले होते. सात्त्विक अभिनय, म्हणजे अंतरीचा भाव शब्दांवाचून देहातून प्रकट होणे, याची तालीम अशा भूमिकांतून झाली. म्हणूनच ‘गांधी’मध्ये त्यांनी साकारलेल्या, शौचकूप साफ करण्यास नकार देणाऱ्या कस्तुरबांचा दुखावलेला स्वाभिमान नुसत्या नजरेतूनही प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. पुढे तरुण वयातच ‘सारांश’ चित्रपटात (१९८४) पुत्रशोकाने खचलेली वृद्ध आई आणि ‘चालबाज’मध्ये (१९८९) कपटी, क्रूर काकू त्यांनी तितक्याच ताकदीने उभी केली. तेव्हा त्यांच्या अभिनयाचे मूल्यमापन एका पुरस्कारावरून न करता रंगभूमीवरील कामगिरीसह व्हावे, हेच न्याय्य ठरेल.

— एक नाट्यप्रेमी वाचक