फोटो काढा, पण शिवाराचं नाव टाकू नका

हरभरा घाट्यावर आला की जागल सुरू होते आणि जागल सुरू झाली की ग्रुपवर फोटो सुरू होतात. कोणी मचाणावरून रोह्यांचा कळप टाकतो, कोणी धुऱ्यावरचं घुबड, कोणी वावर राखणारं कुत्रं. रात्री दोनला लाईन यायची वाट पाहत बसलेला एखादा पोट्टा आभाळाचाच फोटो टाकतो. मला हे चांगलं वाटते.

काही लोक हसतात, म्हणतात अंधारात दोन डोळे चमकले तर त्यात काय पाहायचं? पण फोटो अस्पष्ट असला तरी तारीख आणि वेळ पक्की राहते. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. आभाळातून जळते गोळे रांगेनं गेले. आपल्या जिल्ह्यासहित अर्ध्या महाराष्ट्रानं मोबाईलवर व्हिडिओ काढले. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत लोखंडी कडं पडलं. ते चिनी रॉकेटचे तुकडे असल्याचं पुढं समजलं. ते गोळे कुठून कुठं गेले, हे सांगायला आपल्यासारख्यांचे व्हिडिओच होते.

शिकारीची नजर आपल्या भागात जुनीच आहे. ससा कुठून निघतो, डुक्कर कोणत्या नाल्यानं उतरते, हे वाघूर लावणाऱ्याला जेवढं कळायचं तेवढं कोणाला कळत नव्हतं. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि ते बंद झालं. पण नजर वाया जायचं कारण नाही. जिम कॉर्बेटनं उतारवयात बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त धरला. त्याच काळात चॅम्पियन नावाचा वन अधिकारी जनावरांच्या वाटेवर बारीक तार बांधून ठेवायचा. वाघाचा पाय लागला की उजेड पडायचा आणि वाघाचा फोटो वाघच काढायचा.

आपल्याकडंही लोक वाटेवर तार बांधतात, पण तिच्यात करंट सोडतात. माझा मुद्दा इथंच आहे.

ग्रुपवर फोटो पडतो, खाली लिहिलेलं असते, 'आज रात्री अमक्याच्या तुरीत, नाल्याजवळ'. जीपीएस कॅमेऱ्याचा फोटो असला तर अक्षांश-रेखांश छापूनच येते. ग्रुपमधले सगळेच पाहून सोडून देत नाहीत. मटणासाठी फिरणाऱ्याला आपण घरबसल्या पत्ता दिला. तो तार लावून जाते, आणि पहाटे मोटर चालू करायला निघालेल्या माणसाचा पाय तिच्यावर पडते. रानडुकरासाठी लावलेली तार माणूस ओळखत नाही.

दुसरं, गर्दी. टिपेश्वरचा टी1-सी1 वाघ आठवतो ना? गळ्यात रेडिओ कॉलर होता. 2019 च्या पावसाळ्यात निघाला, पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालला आणि डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत पोचला. एवढ्या गावांजवळून गेला, पण दिवसा दडायचा आणि रात्री चालायचा. त्याच्याकडून माणसाला इजा झाल्याची एकच घटना सांगितली जाते, आणि तो दडला होता त्या झाडीत लोक शिरले तेव्हाची ती आहे. आज बिबट किंवा अस्वल दिसलं आणि फोटो ठिकाणासहित फिरला, तर सकाळी पन्नास मोटारसायकली उभ्या राहतात. पीक तुडवते ते वेगळंच.

आता कोणी म्हणेल, 'भाऊ, रोही एका रात्रीत हरभरा साफ करते आणि तुम्ही फोटोचं काय घेऊन बसले?' राग बरोबर आहे. माझंही वावर जंगलाकडच्या बाजूला आहे, रोही मलाही सोडत नाही. म्हणूनच सांगतो, जीपीएसचा फोटो स्टेटसला टाकू नका, वनरक्षकाला द्या. खाल्लेलं पीक, जनावराचे खूर, वावराची हद्द असे तीन-चार फोटो तारखेसहित काढा, लगेच अर्ज करा आणि पंचनाम्याला ते दाखवा. बिबट किंवा अस्वल दिसलं तर वन विभागाचा 1926 नंबर लावा. त्याच फोटोला स्टेटसवर 'बाप रे' मिळते, अर्जासोबत लावला तर नुकसानभरपाईला आधार होते.

मेलेल्या जनावरावर पाय ठेवून काढलेला फोटो तर कोणीच टाकू नये. परवानगीशिवाय मारलं असेल तर तो फोटो तुमच्याच विरोधातला पुरावा आहे. परवाना घेऊन रीतसर मारलं असेल, तरी त्यात मिरवण्यासारखं काय आहे? पीक वाचवायला मारलं, तेवढंच.

माझं म्हणणं एवढंच. जंगली जनावराचा फोटो आठ दिवसांनी टाका, गाव-शिवार लिहू नका. घरटं आणि पिल्लं टाकूच नका. करंटऐवजी सोलरचं झटका मशीन लावा, त्यानं जनावर पळते, मरत नाही. कुत्रं, बैलजोडी, आभाळ, धूमकेतू, हे वाटेल तेवढं टाका. चांदण्यांचा पत्ता सांगितला तर कोणी तार घेऊन येत नाही.

तुमच्या गावच्या ग्रुपमध्ये असा नियम आहे का? नसेल तर ॲडमिनला हे वाचायला द्या.