काय खाऊ घातलं होतं त्याला?

धडधाकट घोडा अचानक मेला की मालकाला सगळ्यात आधी हाच प्रश्न ऐकावा लागतो. विचारणारे शेजारी असतात, पाहुणे असतात, कधी घरातलेच असतात. प्रश्न काळजीपोटी आल्यासारखा वाटतो, पण त्यात निकाल आधीच दिलेला असतो. चांगला जीव उगाच मरत नाही, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं. माझं म्हणणं सरळ आहे. हा प्रश्न निर्दय आहे, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना उत्तर नकोच असतं. खरंच हवं असतं तर त्यांनी आधी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला असता.

जगातल्या सगळ्यात जपलेल्या घोड्यांपैकी एकाचं काय झालं ते बघा. मेडिना स्पिरिट हा तीन वर्षांचा घोडा मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत पहिला आला. नंतरच्या चाचणीत त्याच्या शरीरात शर्यतीच्या दिवशी चालत नसलेलं एक औषध सापडलं, मोठा वाद झाला, पुढे विजेतेपदही गेलं. ६ डिसेंबर २०२१ ला कॅलिफोर्नियात सकाळचा सराव संपवताना तो कोसळला आणि मेला. त्याचा प्रशिक्षक बॉब बॅफर्ट आधीच वादात सापडलेला, त्यामुळे सगळ्यांना खात्री होती की आता काहीतरी बाहेर पडणार. शवविच्छेदन झालं. रक्त, लघवी, केस, सगळं तपासलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल आला: मृत्यूचं नक्की कारण सांगता येत नाही. फुप्फुसांत आणि श्वासनळीत सापडलेल्या खुणा हृदय अचानक बंद पडल्याच्या शक्यतेशी जुळत होत्या, पण छातीठोकपणे सांगावं असं त्यांत काही नव्हतं.

हा काही एकट्याचा अपवाद नाही. शर्यतीत किंवा सरावात अचानक मेलेल्या २६८ घोड्यांच्या शवविच्छेदनांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून थोड्या जास्त घोड्यांचं कारण नक्की सापडलं. साधारण पाव घोड्यांबाबत अंदाज बांधता आला. उरलेल्या २२ टक्क्यांचं काहीच कळलं नाही. हे शर्यतीचे घोडे होते, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक शिंकेची नोंद होते असे.

असं का होतं? हृदयाचे ठोके हे शेवटी विजेचं काम आहे. त्या विजेची लय बिघडली आणि हृदय थांबलं, तर मागे दिसण्यासारखी जखम राहीलच असं नाही. कॉम्प्युटर वापरणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. मशीन हँग झालं, तुम्ही प्लग काढला, रॅममध्ये होतं ते गेलं. डिस्कवर लॉग लिहिलाच गेला नसेल, तर तो नंतर कुठलाही इंजिनिअर वाचू शकत नाही. शवविच्छेदन म्हणजे डिस्क वाचणं. तिथे जे उमटलंच नाही ते डॉक्टर कुठून आणणार?

तेव्हा ‘कारण असणारच’ हे खरं असलं, तरी ‘कारण सापडणारच’ हे खरं नाही. यातला फरक न कळणारी माणसं दुःखात असलेल्या माणसाला छळतात.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘कारण सापडलं नाही’ म्हणणाऱ्या सगळ्यांनी ते शोधलेलं असतं असं नाही. डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेसाठी आम्ही ‘नल’ वापरतो. ‘नल’चा अर्थ ‘विचारलं, पण उत्तर मिळालं नाही’ असा असू शकतो, किंवा ‘कुणी विचारलंच नाही’ असाही. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की पुढचा सगळा हिशोब खोटा. आपल्याकडे मेलेल्या घोड्यांच्या बाबतीत नेमकं हेच चालतं, आणि माझा खरा राग इथे आहे.

एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टनमध्ये एकाच पोलो संघाचे २१ घोडे बघता बघता मेले. तरणे, निरोगी, महागडे घोडे. सुरुवातीला हे मृत्यूही गूढच होते. मग शरीरं तपासली गेली, त्यांत सेलेनियम भलत्याच प्रमाणात निघालं, आणि माग एका औषधाच्या दुकानापर्यंत गेला. घोड्यांना दिलेलं जीवनसत्त्वांचं इंजेक्शन तिथे बनवताना मापात चूक झाली होती. विचार करा, तपासणी झाली नसती तर? ज्या मोतद्दारांनी सकाळी खरारा केला, पाणी पाजलं, त्यांच्याकडे लोकांनी आयुष्यभर संशयाने पाहिलं असतं.

आता आपल्याकडचं. माझा मामा तालुक्याच्या गावी राहतो. त्याच्याकडे वरातीची एक पांढरी घोडी आहे, आणि मिरवणुकांसाठी एक काळा घोडा होता. सहा वर्षांचा, शिंगरू असल्यापासून मामाने वाढवलेला. रात्री नऊला चंदी खाल्ली, पहाटे पाचला मामी बाहेर आली तेव्हा दावणीला आडवा पडलेला. अंगावर जखम नाही, पाय झाडल्याच्या खुणा नाहीत. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, ‘अटॅक आला असेल.’ अकराच्या आत जेसीबी आला, खड्डा झाला, विषय संपला.

त्याच आठवड्यात आमच्या कंपनीचा एक सर्व्हर चाळीस मिनिटं बंद पडला होता. त्यावर पाच जणांनी बसून नऊ पानांचा अहवाल लिहिला. त्याला आम्ही ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतो, लाज न वाटता. त्यातही ‘ब्लेमलेस’ असा प्रकार असतो: काय घडलं ते नीट शोधायचं, पण माणसावर खापर फोडायचं नाही, कारण खापर फुटणार म्हटलं की माणसं खरं सांगत नाहीत. सर्व्हरला ही वागणूक मिळते. मामाच्या घोड्याच्या वाट्याला याच्या बरोबर उलटं आलं. शोध कुणी घेतला नाही आणि खापर मात्र फुटलं. चुलत मामा म्हणाला हरभरा जास्त भिजला असणार. एक जण म्हणाला, डोळ्याखाली आसूढाळ होता, असला भोवरा असलेला घोडा दारात बांधायचाच नसतो. सहा वर्षं हा भोवरा कुणाला दिसला नव्हता. आणि दोघं जण नालेसाठी आले. काळ्या घोड्याची नाल, शनीला चालते. खड्डा बुजायच्या आत!

‘अटॅक’ हा शब्दही जरा तपासून घ्या. माणसाला रक्तवाहिनी तुंबून जसा हार्ट अटॅक येतो, तसा घोड्यात क्वचितच दिसतो. हृदय अचानक थांबू शकतं, महारोहिणी फुटू शकते, आतड्याला पीळ पडू शकतो, विषबाधा होऊ शकते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं विष किंवा साठलेला वायू वरून बाहेर पडायची वाटच नसते. कोंबडीच्या खाद्यात रोगप्रतिबंधासाठी मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोंबडीला ते चालतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याच्या थोड्याशा मात्रेने निकामी होतात, कधी लगेच, कधी खाल्ल्यानंतर बऱ्याच दिवसांनी. ज्या यंत्रात कोंबडीखाद्य मिसळलं त्यातच मागाहून घोड्याचं खाद्य मिसळलं गेलं, तर मामाने ते काय वास घेऊन ओळखायचं होतं? फोनवरचा ‘अटॅक’ म्हणजे निदान नव्हे. रकाना रिकामा दिसू नये म्हणून भरलेला शब्द आहे तो.

मी हे म्हणतो तेव्हा दोन प्रकारचे लोक अंगावर येतात. एक म्हणतात, ‘जनावर होतं, दुसरं घे.’ ज्याचं घर त्या जनावरावर चालतं, मग तो माथेरानचा घोडेवाला असो की महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्याकाठचा, त्याला दुसरं कसं आणि कितीला मिळतं ते यांना माहीत नसतं. आणि सवय लागलेल्या हाताचं काय करायचं तेही माहीत नसतं. दुसरे म्हणतात, ‘कापून काय मिळणार, गेलेला परत येतो का?’ यांना मी फ्लोरिडा दाखवतो. शिवाय मामाच्या गोठ्यात घोडी अजून जिवंत आहे, तेच पाणी पिते, त्याच पोत्यातलं खाते. तिच्यासाठी तरी कळायला नको?

लगेच स्वतः सुरी घेऊन बसा असं मी म्हणत नाही. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची, शंका असते. मग ते शरीर उघडायचंच नसतं. डॉक्टर रक्ताचा नमुना काचेवर घेऊन बघतात. बाकी वेळी घाई करावी लागते, कारण आपल्या उन्हात घोड्याचं शरीर काही तासांतच आतून बिघडतं आणि खऱ्या खुणा पुसल्या जातात. फोटो काढा, पोत्यातलं मूठभर खाद्य आणि बाटलीभर पाणी बाजूला ठेवा, जेसीबीला थांबायला सांगा. आपल्याकडे शवविच्छेदनाचा कागद लोकांना आठवतो तो विम्याचा दावा करताना. विमा नसलेल्या घोड्याचा मालक तो मागायलाही कचरतो. त्याने मागावा. डॉक्टर टाळाटाळ करत असतील तर गावातल्या शिकलेल्या पोरांनी सोबत जाऊन मागावा.

आणि एवढं करून अहवालात ‘कारण अनिश्चित’ आलं तर? येईल, पाचातल्या एकाचं तरी येईल. तेव्हा खलनायक शोधू नका. ऑस्ट्रेलियाचा लाडका घोडा फार लॅप ५ एप्रिल १९३२ ला कॅलिफोर्नियात मेला. त्याला जिवापाड जपणारा टॉमी वुडकॉक शेवटपर्यंत जवळ होता. देशाने ठरवून टाकलं, अमेरिकेतल्या टोळ्यांनी विष घातलं. पाऊण शतकानंतर, २००८ मध्ये, केसांच्या तपासणीवरून आर्सेनिकचा दावा झाला. पण त्या काळी घोड्यांच्या टॉनिकमध्येच आर्सेनिक असायचं, त्यामुळे भांडण मिटलं नाही. आज त्याचं हृदय कॅनबेरात, कातडी मेलबर्नमध्ये आणि सांगाडा न्यूझीलंडमध्ये ठेवलेला आहे. तीन शहरांत वाटला गेलेला घोडा, आणि कारणावर अजून एकमत नाही.

मामाला तर कागदही मिळाला नाही. दोन महिने तो गोठ्याकडे बघत नव्हता, घोडीचं सगळं मामीच करायची. दिवाळीत मी गेलो तेव्हा हरभऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. घोडा चालायचा कसा, एवढंच विचारलं. मामा आधी गप्प बसला. मग म्हणाला, ओढ्यावरच्या मोरीपाशी तो दर वेळी थांबायचा, कितीही टाच मारली तरी. पाण्याचा आवाज ऐकून व्हायचा, मग आपल्या मनाने निघायचा. वरातीतली माणसं चिडायची, बँडवाले तेवढ्यात एक गाणं जास्त वाजवून घ्यायचे. मामा तासभर बोलत होता.