खोकून पाहा बरे!

दुखण्याच्या बाबतीत आपली मराठी मोठी श्रीमंत. कळ, ठणका, चमक, शूळ, सल! पण भूलतज्ज्ञांना यांतले काहीच नको असते. "दहांपैकी किती दुखतंय?" एवढेच ते विचारतात. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे जरा खटकते, पण छातीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा खरा प्रश्न पुढचाच असतो: "आणि खोकताना?"

मोडका हात झोळीत ठेवता येतो. छाती कशी ठेवणार? प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने मज्जातंतू धावतो. दुखते म्हणून रोगी श्वास उथळ घेतो, खोकला दाबतो. मग कफ साचतो आणि न्यूमोनियाला आयतेच आवतण मिळते.

आमच्या थोरल्या बंधूंच्या फुप्फुसाचा एक भाग काढायचा ठरला, तेव्हा हे सारे कळले. मॉर्फिन जुने आणि गुणकारी. पडून राहिलेल्याला आराम देते, खोकणाऱ्याला तितका नाही. शिवाय मळमळ, गुंगी. मात्रा वाढली तर श्वासच मंदावतो. 'एपिड्यूरल'मध्ये कण्यात बारीक नळी ठेवून बधिरतेचे औषध सोडतात. बरीच वर्षे हाच सर्वोत्तम उपाय मानला जाई. पण छातीच्या दोन्ही बाजू बधिर होतात, रक्तदाब उतरू शकतो, लघवी अडू शकते. 'पॅराव्हर्टिब्रल'मध्ये औषध कण्याशेजारी, चिरलेल्या बाजूलाच देतात. ही युक्ती १९०५ सालची, ह्युगो सेलहाइम या जर्मन डॉक्टरांची. मध्यंतरी मागे पडली आणि १९७९ नंतर पुन्हा वर आली. २०१६ साली कॉक्रेन संस्थेने या दोहोंच्या चाचण्या एकत्र पडताळल्या. वेदना दोन्हींनी सारखीच शमते. मृत्यूंत वा इस्पितळातल्या मुक्कामात फरक नाही. मात्र रक्तदाब उतरणे, मळमळ, खाज, लघवी अडणे हे त्रास दुसरीत कमी.

दादांचा रक्तदाब मुळातच कमी, म्हणून दुसरी ठरली. पण दादा पडले सोशीक! आकडा विचारला की "सोसतंय" म्हणत, आणि वहिनींना त्याचे कौतुक! डॉक्टरीणबाईंना मुळीच नव्हते. "मला तुमचं सोसणं नको, खोकणं हवं," त्या म्हणाल्या. छातीशी उशी घट्ट धरायला लावली आणि समोर उभ्या राहिल्या. दादा खोकले, आणि पहिल्यांदाच "सात" म्हणाले. लगेच औषध वाढवले. संध्याकाळी चार!

खांदा मात्र ठणकतच राहिला. त्याची वाट निराळ्या मज्जातंतूची. कण्याजवळचे औषध तिथवर सहसा पोचत नाही. त्यासाठी साधे पॅरासिटामॉल दिले.