तापली की बंद, निवली की सुरू

घरात जुनी पद्मिनी, ॲम्बॅसॅडर किंवा अशीच कुठली कार्ब्युरेटरवाली गाडी असेल, तर हे दुखणं तुमच्या ओळखीचं असेल. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, तासभर छान पळते आणि ऐन चढावर कुणी बटण बंद करावं तशी गप्प होते. वीस-पंचवीस मिनिटं थांबा, पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये नेली की मात्र शहाण्या मुलासारखी वागते आणि मिस्त्री म्हणतो, "ताई, काही नाही हो, चांगली चालतेय."

आम्ही इंदूरचे. बाबांची पद्मिनी १९८६ची. गेल्या वर्षी मे महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना ती भेरूघाटात अशीच बंद पडली. मागे ट्रकची रांग, गाडीत आई. आधी हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला, आईला उतरवून कठड्याच्या आत उभं केलं. (तुम्हीही हेच आधी करा. बॉनेट नंतर उघडा.) एका ट्रकवाल्याने पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायला सांगितलं. टाकला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली आणि सगळ्या घराने ठरवून टाकलं, की पेट्रोलची वाफ होऊन अडकत होती.

आमची चूक इथेच झाली. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात वाफ अडकते हे खरं. ओल्या फडक्याचा उपायही खरा आणि जुना. पण फडका टाकेपर्यंत आणि तो वाळेपर्यंत बाकीचं सगळंही निवतं. गाडी कशामुळे सुरू झाली हे त्यातून कळत नाही. आम्ही मात्र त्या फडक्याच्या भरवशावर पेट्रोल पंप बदलला, कार्ब्युरेटर साफ करून घेतला, टाकीपासूनची नळीसुद्धा नवी घातली. दोन महिन्यांत गाडी आणखी तीनदा बंद पडली. दादा म्हणाला, भंगारात देऊ, रोजची कटकट नको. बाबा काही बोलले नाहीत. जेवता जेवता उठून गेले.

शेवटी आमच्या जुन्या उस्तादांना फोन केला. आता ते गॅरेज चालवत नाहीत. त्यांनी एकच सांगितलं: "बेटी, चालू गाडी मला दाखवू नकोस. बंद पडेल तेव्हा बघायचं. निवायच्या आत."

म्हणून एका दुपारी अंगणात गाडी चालू ठेवून आम्ही तिची बंद पडायची वाट बघत बसलो. चाळीस मिनिटं लागली.

पुढचं सांगण्याआधी थोडं समजून घ्या. पूर्वी डिस्ट्रिब्युटरमध्ये 'पॉइंट' असायचे, म्हणजे उघडझाप करणारा एक छोटा स्विच. तो उघडला, की कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका प्लगपर्यंत जातो आणि ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या. साहजिकच पॉइंट जळतात, झिजतात, दर काही महिन्यांनी घासून फट जुळवावी लागते. त्याला कंटाळून बऱ्याच जणांनी इलेक्ट्रॉनिक किट बसवून घेतलं. आम्हीही. त्यात काडेपेटीएवढं मॉड्यूल असतं आणि उघडझापीचं काम त्यातला ट्रान्झिस्टर करतो. घासायला काही नाही, झिजायला काही नाही. पण पॉइंट कुरकुर करत, आधी सांगून जातात. मॉड्यूल न सांगता जातं. उष्णतेने त्याच्या आतला एखादा जोड सुटतो आणि थंड झाला की पुन्हा टेकतो. म्हणून ही तापली-निवलीची लपाछपी.

गाडी बंद पडताच उस्तादांनी कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून तिच्या टोकाला एक जादा प्लग लावला, प्लगचं लोखंडी अंग इंजिनला घट्ट टेकवलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्नच नव्हता. इतके पैसे ज्या बाजूला घातले, ती बाजू निर्दोष निघाली! उलट, निळी, टणक ठिणगी दिसली असती, तर पेट्रोलकडे बघायचं होतं. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, पण गाडी मेलेली असतानाच करायची. हात लावू नका, रबरी मुठीची पकड वापरा, जवळपास पेट्रोल सांडलेलं नसावं, आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना लांब ठेवा. इलेक्ट्रॉनिक किट असलेल्या गाडीत जाड वायर नुसती हवेत सोडून सेल्फ मारू नका. झटक्याला जायला वाट मिळाली नाही, की तो मॉड्यूलच फोडतो.

मग बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घेतला. त्याची चिमटी बॅटरीच्या निगेटिव्हला. चावी चालू करून कॉइलच्या प्लसवर टोक लावलं, दिवा लागला. वीज कॉइलपर्यंत येत होती. नंतर टोक कॉइलच्या मायनसवर ठेवून सेल्फ मारला. इथे दिवा लुकलुकायला हवा, कारण मॉड्यूल उघडझाप करत असतं. आमचा दिवा स्थिर जळत राहिला. लुकलुकला असता आणि तरी ठिणगी नसती, तर कॉइल किंवा जाड वायर संशयित. स्थिर राहिला म्हणजे मॉड्यूल, त्याचा सेन्सर किंवा त्याची अर्थिंग.

अर्ध्या तासाने गाडी सुरू झाल्यावर उस्तादांनी माझा हेअर ड्रायर मागितला. मॉड्यूल ज्या बाजूला होतं, तिथे बाहेरून गरम हवा मारली. काही मिनिटांतच इंजिन बंद! आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, मी गाडीचे केस वाळवतेय.

मी लगेच नवं मॉड्यूल मागवायला निघाले. उस्तादांनी थांबवलं आणि विचारलं, "हे कितवं?" दुसरं होतं. पहिलं दोन वर्षांतच गेलं होतं, तेव्हा आम्ही 'माल खराब होता' म्हणून सोडून दिलं. त्यांनी चावी बंद करून कॉइलच्या दोन्ही वायरी काढल्या आणि मल्टिमीटरने प्लस-मायनसमधला रोध मोजला. (आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो, तो वजा करायचा.) दीड ओम. आमच्या किटच्या कागदावर तीन ओमची कॉइल लागेल, असं स्पष्ट छापलं होतं. कधीतरी कुणीतरी 'जास्त पॉवरची' म्हणून ही बसवली होती. अशा कॉइलला वाटेत वेगळा रेझिस्टर लागतो आणि तो आमच्या गाडीत नव्हताच. गणित सोपं आहे: १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपियर, १२ भागिले दीड म्हणजे ८. दुप्पट करंट सोसून मॉड्यूल भाजून निघत होतं. तिसरं लावलं असतं, तर तेही गेलंच असतं.

त्यात भर अर्थिंगची. मॉड्यूलची जमीन डिस्ट्रिब्युटरच्या अंगातून जाते आणि तिथे गंज व ऑइलचा थर होता. खरवडून साफ केलं, इंजिनपासून बॉडीपर्यंत नवी जाड वायर टाकली. मॉड्यूल उघडून दुरुस्त करता येईल का, हे मीही विचारलं. आमचं आतून राळेसारख्या मसाल्याने भरलेलं होतं, ते फोडण्यात अर्थ नव्हता. नवं मॉड्यूल, तीन ओमची कॉइल, एवढ्यावर काम झालं. पेट्रोल पंपाच्या निम्मे पैसेही लागले नाहीत.

अजून दोन गोष्टी. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून मुलांना गाणी ऐकू देऊ नका. काही किटमध्ये तेवढ्यानेही कॉइल तापते आणि मॉड्यूल जळतं. आणि काही जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. नेहमीचं किट तिथे लावलं तर चावी फिरवताक्षणी जाईल. किट घेण्याआधी बॉनेट उघडून बघा. तुमच्या गाडीत अजून पॉइंटच असतील, तर हेच लक्षण बहुधा कंडेन्सरचं किंवा कॉइलचं असतं. कंडेन्सर स्वस्त, आधी तोच बदलून बघा.

आमचे काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि स्क्रू उस्तादांनी एका डबीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. मॉड्यूल रस्त्यात गेलंच, तर अर्ध्या तासात जुनी व्यवस्था बसवून घरी येता येतं. बाबांनी मला अंगणात दोनदा ते बसवायला लावलं. दुसऱ्या वेळी दादा टॉर्च धरून उभा होता.

या मे महिन्यात भेरूघाट न थांबता चढलो. आई मात्र सबंध चढ ओला नॅपकिन मांडीवर घेऊन बसली होती.